गोड्या पाण्याने धुतलेला पूल

९ फेब्रुवारी १९९४

ठमाबाईंना मामाचा आशीर्वाद, आणि सोबत पेढ्यांशिवायची आनंदाची बातमी.

अगं, फुगला! काय फुगला म्हणून विचारशील, तर तो नवा रंग. गेल्या वर्षी त्या रंगाच्या कंपनीची माणसं पांढरी हेल्मेटं घालून आली होती, लिहिलं होतं बघ तुला. पुलाच्या तिसऱ्या गाळ्याचा एक तुकडा त्यांनी मशीनने वाळू मारून पार पांढराफटक केला, त्यावर जस्ताचा थर दिला, वर आणखी दोन थर दिले, आणि आमच्या साहेबांना म्हणाले की आता वीस वर्षं इथे कुणी ब्रश घेऊन फिरकायला नको. आमच्या तोंडावर म्हणाले गं! आम्ही तिथेच बादल्या घेऊन उभे होतो.

काल साहेब तो तुकडा तपासायला शिडीवर चढले. मी खालून शिडी धरली होती, अगदी सज्जनपणे. रंगाला हे असे फोड, गोवर उठल्यासारखे. गँगमधल्या आपल्या लंबूने नखाने एक फोडला तर आतून पाणी आलं. साहेबांचा चेहरा बघवेना, आणि आम्हाला हसू आवरेना. पैलवान तर खोकल्याचं निमित्त करून पलीकडे पळाला.

तुला चेष्टा वाटेल, पण वर्षभर माझा जीव टांगणीला होता. तो तुकडा टिकला असता तर आख्ख्या पुलाला तोच रंग आणि आम्हाला नारळ. आमची गँग चालते कशावर? या टोकाकडून रंगवत त्या टोकाला पोचलो की हे टोक गंजायला लागलेलं असतं, यावर. माझं काय, माझी थोडी वर्षं उरलीत. पण लंबूची मुलं अजून शाळेत आहेत, पैलवानाचं आत्ता कुठे लग्न झालंय. वीस वर्षं गंजच आला नाही तर या माणसांनी खायचं काय?

असो. फुगला. मामीने खास तुझ्यासाठी निरोप दिलाय की वेळेवर जेवत जा.

तुझा मामा


२० फेब्रुवारी १९९४

प्रिय मामा,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या बाईंना वाटलं माझं काहीतरी जुळलंय.

माझं खातं बदललं. आता फ्रिज आणि पंखे यांचे रंग संपले, मोठं काम दिलंय. सविस्तर सावकाश लिहीन.

पण काय रे मामा, तो फुगला कसा? वाळू मारून लोखंड पांढरं केलेलं, वर जस्त. असा रंग वर्षात फुगत नाही. वाळू मारल्यावर त्यांनी पाण्याने धुतलंही होतं असं तूच मागे लिहिलं होतंस. मला राहून राहून वाटतंय की तुला कारण माहीत आहे आणि तू गालातल्या गालात हसतोयस. मला सांग ना. तुझ्या हाताखाली वाढलेली पोर आहे, एवढं तरी शिकव.

गुडघा कसा आहे? दोरावर बसायचं आता तरी बंद कर. मुकादम माणसाने खालून ओरडावं, वर लटकू नये. मामीला सांग, जेवते.

तुझी ठमी


१ मार्च १९९४

ठमाबाई,

ओळखलंस! मामाची भाची ती. मग ऐक, पण आधी दाराला कडी लाव.

पुलाच्या चौकीपाशी एक नळ आहे, तू लहानपणी तिथे पाय धुवायचीस आणि मामी ओरडायची. का ओरडायची? कारण पाय पांढरे व्हायचे. त्या नळाला खाडीचं पाणी येतं. आग लागली तर असावं म्हणून कुणीतरी कधीकाळी पंप बसवून वर चढवलंय. दिसायला एकदम काच. जिभेवर ठेवलं तर कळतं, पण पूल धुणारा माणूस पाणी चाखून बघतो होय? त्यांनी चौकीदाराला विचारलं, "पाणी चांगलं आहे ना?" तो म्हणाला, "फर्स्टक्लास." खोटं कुठे बोलला? आग विझवायला चांगलंच आहे ते.

झालं! एवढं लाखमोलाचं पांढरं लोखंड त्यांनी मिठाच्या पाण्याने आंघोळ घालून स्वच्छ केलं. रंगाखाली मीठ राहिलं की ते बाहेरचा ओलावा आत ओढतं, आणि मग रंग कितीही भारी असो, फुगणारच. आम्ही आमचं गोडं पाणी गावातून पिंपांत भरून वर नेतो, उगाच नाही कंबरडं मोडून घेत. पण आमची पिंपं बघून त्यांना वाटलं असेल, अडाणी लोक, नळ असून पाणी वाहतात.

त्यांची नळी त्या नळाला लागली तेव्हा आम्ही सगळे बघत होतो. लंबू बोलायला निघाला होता, भोळा आहे तो. मी डोळे वटारले. संध्याकाळी सगळ्यांना दम भरला की हे जो बाहेर बोलेल त्याचं थोबाड मी रंगवीन, आणि ते धुवायला गोडं पाणीसुद्धा देणार नाही. कुणी चकार शब्द काढला नाही. आता तूच काय ती बाहेरची. आणि तू कुठली बाहेरची!

मामीला यातलं काही माहीत नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.

तुझा मामा


२ एप्रिल १९९४

प्रिय मामा,

घाईत लिहितेय. मला बढती मिळाली. पगारही वाढला. साहेब फार खूश आहेत. मामीला सांग, आणि तिला म्हणावं की तिच्यासाठी शाल घेतलीय, येईन तेव्हा आणीन.

तुझं पत्र मिळालं होतं. तुम्ही लोक पण ना!

ठमी


१७ मे १९९४

ठमे,

बढतीचं ऐकून छाती फुगली. गँगला चहा पाजला. सगळे म्हणाले, मुकादम, भाचीने नाव काढलं. ते सुख चार दिवससुद्धा टिकलं नाही.

ते परत आले. तीच कंपनी, तीच हेल्मेटं. साहेबांनी त्यांना आणखी एक संधी दिली, या वेळी पाचव्या गाळ्याचा तुकडा. आम्ही म्हटलं येऊ दे, पुन्हा फुगेल. आणि मग त्यांच्या मागून पाण्याचा टँकर आला. मी ड्रायव्हरला सहज विचारलं, बाबा, पाणी कुठलं? म्हणाला, गोडं आहे, लांबून भरून आणलंय, इथल्या नळाला हातसुद्धा लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे.

कुणीतरी फुटलं होतं.

कोण फुटणार दुसरं? लंबू. पहिल्यापासून त्याला हळहळ वाटत होती की बिचाऱ्यांचं काम वाया जाईल. टँकर यायच्या दोन दिवस आधी चौकीबाहेर मी त्याला त्या कंपनीच्या माणसाबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, त्याने बोलावलं म्हणून प्यायलो. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली आवाज काढला. तो माझ्याहून हातभर उंच आहे गं, मनात आणलं असतं तर मला उचलून खाडीत टाकलं असतं त्याने. नुसता उभा राहिला. "मुकादम, पोरांची शपथ, मी नाही सांगितलं," एवढंच म्हणाला. पोरांची शपथ घेतो! मी साहेबांना सांगून त्याला गँगमधून काढला. आता तो कोळशाच्या गोदामात पोती उचलतो. गँगमधलं कुणी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या बायकोला गावातल्या नळावर बायका बाजूला सारतात असं मामी म्हणाली, आणि हे सांगताना माझ्यावरच चिडली.

रंगाचं काम पुरं झालंय. आता वर्षभर वाट बघायची. लोखंड जर या वेळी टिकलं तर आम्ही संपलो.

मामा


३० मे १९९४

प्रिय मामा,

लंबूला परत घे. तो म्हणतोय ना की त्याने सांगितलं नाही, मग नसेल सांगितलं. तू त्याला एवढी वर्षं ओळखतोस. टँकर आणायचं त्यांना दुसरीकडूनही सुचलं असेल. कंपनीत काय माणसं नसतात विचार करणारी? माझं ऐक, त्याच्या घरी जा आणि त्याला घेऊन ये. मी पाया पडते.

आणि नवा रंग म्हणजे कुणी शत्रू नाही. तुझे गुडघे गेलेत. पैलवान अजून तरुण आहे, त्याला दुसरं काम मिळेल. जन्मभर माणसांनी दोराला लटकूनच पोट भरायचं असं कुणी लिहून ठेवलंय का?

मामीची तब्येत जप.

ठमी


२१ जून १९९५

आदरणीय मॅडम यांस,

वर्षभर आपली पत्रं दोन-दोन ओळींची येत होती. मला वाटायचं, पोरगी कामात आहे. मामीला तसंच सांगायचो.

काल साहेबांनी सगळ्या गँगला हॉलमध्ये बोलावलं. पंखा, खुर्च्या, चहा, बिस्किटं, एवढा मान आम्हाला कधी मिळाला नव्हता. पाचव्या गाळ्याचा तुकडा उत्तम टिकला, एक फोड नाही, असं जाहीर झालं. पुलाचं काम कंपनीला गेलं. गँग बंद. दोघं फाटकावर, तिघं गोदामात, बाकीच्यांचं बघू.

मग त्या कंपनीचा टाय लावलेला एक हसरा मुलगा उभा राहिला; ती कंपनी आपलीच, हे मला त्याच्याच तोंडून कळलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नसावं, त्याला खरोखर आनंद झाला होता. माझा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "मुकादम, तुम्ही तर आमच्या घरचेच! तुमच्या भाचीने नळाच्या पाण्याचं सांगितलं नसतं तर हा पूल आम्हाला कधीच मिळाला नसता. आमच्या पुलांच्या खात्याच्या त्या प्रमुख आहेत, तुम्हाला अभिमान वाटत असेल."

पैलवानाने हातातला कप खाली ठेवला आणि तो निघून गेला. मग एकेक करून सगळे उठले. मी बसून राहिलो. तो मुलगा मला आणखी बिस्किटं घ्या म्हणत होता.

ठमे, तू मला शेंडी लावलीस. दुसऱ्या कुणाला लाव, सगळ्या जगाला लाव, पण मला? "मामा, एवढं तरी शिकव." मी मूर्ख, मला वाटलं माझ्या पोरीला पुलाची आठवण येते. मी तुझी पत्रं चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवायचो त्या लोकांना! तू त्यांच्या पोटावर पाय दिलास आणि तो पाय मी माझ्या हाताने उचलून ठेवला.

आणि लंबू. हॉलमधून तसाच त्याच्या घरी गेलो. बायकोने दार उघडलं, मला बघून लावून घेतलं. शेजारी म्हणाले, तो महिन्यापूर्वीच परगावी निघून गेला. इथे त्याला सगळे फितूर म्हणायचे. खरा फितूर त्याच्या दारात उभा होता, आणि त्याच्या कानाखाली मीच मारली होती.

मामीने विचारलं, मीटिंगमध्ये काय झालं. मी सांगितलं, काम गेलं. बाकीचं माझ्यापाशीच ठेवलं.


२ जुलै १९९५

मामा,

मॅडम म्हणालास. म्हण.

मी नाकारत नाही. तुला विचारलं तेव्हा मला माहीत होतं मी का विचारतेय. तो तुकडा फुगला आणि आमच्या खात्यावर सगळे तुटून पडले होते. मला त्या खात्यात नुकतंच घेतलं होतं, तेसुद्धा मी या पुलाखाली वाढले म्हणून. बढती हवी होती, खोटं कशाला बोलू? एवढ्या पुरुषांत मी एकटी बाई, सगळे माझी फजिती बघायला टपलेले. तुझं पत्र आलं आणि मी त्यातलं कारण ओठांवर घेऊनच माझ्या साहेबांच्या खोलीत गेले. कुणी मला जबरदस्ती केली नाही.

पण तू दुसरीही गोष्ट ऐक, आवडो न आवडो. आई गेल्यावर तुम्ही मला आणलंत, आणि दुसऱ्याच वर्षी मी तुझा डबा घेऊन पुलाखाली उभी असताना तुझा एक दोर तुटला. तू त्या दोरांना टांगलेल्या पाळण्यातून सुटलास आणि एका हाताने लोखंडाला लोंबकळत राहिलास. तुझी बादली माझ्यासमोर पाण्यात पडली. लंबूने तुला वर ओढलं. तू खाली आलास आणि मला म्हणालास, मामीला सांगू नकोस हं. मी नाही सांगितलं. पण तेव्हापासून मला त्या पुलाचा राग आहे. तुम्हाला वाटतं तो तुम्हाला पोसतो. मला वाटतं तो तुम्हाला एकेक करून खाणार होता. वीस वर्षं तिथे माणूस चढणार नाही असा रंग मला मिळाला, आणि मी तो लावला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन.

गँगमधल्या सगळ्यांना फवाऱ्याने रंग मारायचं काम शिकवून कंपनीत घ्यावं अशी अट मी घातली होती. आमचे साहेब म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही हे मला कळत होतं. तरी मी पुलाच्या कामाच्या कागदांवर सही केली.

लंबूसाठी मी तुला लिहिलं होतं. त्याहून जास्त लिहायची माझी हिंमत झाली नाही. खरं सांगितलं असतं तर तू तुमच्या साहेबांकडे जाऊन बोभाटा केला असतास आणि कंपनीच्या हातचं काम गेलं असतं. ही माझी भीती होती, आणि त्यापायी मी त्याला बदनाम होऊ दिलं. त्याबद्दल मी माझी काही बाजू मांडत नाही.

मला हवं ते लिही, पण लिही. मामीची शाल अजून माझ्याकडेच आहे.

ठमी


१४ नोव्हेंबर १९९९

मामा,

एवढ्या वर्षांत तू एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. मामीला फोन करते तेव्हा ती रडते आणि मग तू फोन ठेवायला सांगतोस, ते मला ऐकू येतं.

पुढच्या महिन्यात मी पुलाच्या तपासणीला येतेय. कंपनीने दिलेली हमी आहे, दर काही वर्षांनी कुणीतरी येऊन बघावं लागतं. दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं, मी मुद्दाम माझं नाव घातलं. मला घरी उतरायचंय. माझ्या खोलीत. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, शिव्या घाल, पण दार उघड.

लंबूचा पत्ता मी खूप शोधला. लागला नाही.

ठमी


२५ नोव्हेंबर १९९९

ठमे,

पत्र मिळालं. तपासणीला यायचं तर ये. पूल माझ्या बापाचा नाही.

मी मात्र तपासणी कधीच सुरू केलीय. नोकरी संपल्यापासून दर आठवड्याला जातो. चौकीदार ओळखीचा आहे, सोडतो आत. शिडी चढताना गुडघे बोंबलतात, वर गेलो की बराच वेळ दम खात बसतो. मामीला वाटतं मी फिरायला जातो. मी सगळीकडे बघतो. बोल्टांची डोकी, पत्र्यांच्या धारा, जिथे पाणी साचतं ती प्रत्येक जागा, कबुतरं घाण करतात ते कोपरे. हात पोचत नाही तिथे दाढीचा आरसा काठीला बांधून खालून बघतो. मला गंज हवाय. जास्त नको, तिळाएवढा पुरे.

नाही सापडत. रंग चांगला आहे. जन्मभर लोखंडच बघत आलोय, त्यात खोटं बोलणार नाही. पहिल्या दिवशी होता तसा आहे, आणि मी मेल्यावरही तसाच राहील.

पैलवान फाटकावर असतो. मी दिसलो की मान फिरवतो. गोदामातल्या तिघांतला एकच उरलाय, बाकीचे कुठे गेले कुणास ठाऊक. पुलावर मात्र आता कुणी लटकत नाही, तुझं ते खरं झालं. त्या दोराचं तू लिहिलंस ते मी बरेचदा वाचलं. तू तेव्हा खाली उभी होतीस हे मी विसरलो होतो. तुला माझी काळजी होती, हे मी मानतो. माझा राग त्यावर नाहीच.

मी एवढी वर्षं काय धरून बसलो होतो, सांगू? एक दिवस गंज दिसेल. मग मी तुला लिहीन की बघ, फसला तुझा रंग, कंपनीने तुला बनवलं, आणि तू आम्हाला उगाच देशोधडीला लावलंस. तू रडत येशील. मी चार शिव्या घालीन, मामी मध्ये पडेल, आणि संध्याकाळी आपण तिघं जेवायला बसू. चूक कितीही मोठी असली तरी पोटात घालता येते गं. आपल्या पोरीची तर सहज घालता येते. पण तू कुठेच चुकली नाहीस. तुला सगळं ठाऊक होतं, आणि झालंही तसंच. आता मी काय पोटात घालू?

साहेबांच्या गेस्ट हाऊसला उतर. काम झालं की परत जा. तू येतेस हे मी मामीला सांगितलेलं नाही.

मामा